मुलाच्या जबड्याला लेझर देण्याआधी

लहान मुलाचा जबडा दुखत असला तरी 'जबडा दुखतो' असं ते सहसा सांगत नाही. कान दुखतो, डोकं दुखतं, दाढ दुखते, असं काहीतरी सांगतं. फार लहान असेल तर तेही सांगत नाही. पोळीचा घास तोंडात घोळवत बसतं, सफरचंद नको म्हणतं, डबा अर्धा परत आणतं. मग कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन होतं, चष्म्याचा नंबर तपासून होतो, दाढ किडलेली नाही हेही कळतं. शेवटी कुणीतरी कानाच्या पुढे बोट ठेवून मुलाला तोंड उघडायला सांगतं, आणि बोटाखाली 'कट्' असं वाजतं.

हल्ली या टप्प्यावर पालकांपुढे एक नवा पर्याय येतो. दातांच्या किंवा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सुचवलं जातं, 'लेझरच्या काही सिटिंग घेऊ या. दुखत नाही, इंजेक्शन नाही, गोळ्या नाहीत.' लेझर म्हटल्यावर काही आईवडील घाबरतात, कारण त्यांनी लेझरनं कापलेलं, जाळलेलं ऐकलेलं असतं. काही उलट निर्धास्त होतात. एवढं आधुनिक यंत्र म्हणजे दुखणं मुळासकट जाणार, असं त्यांना वाटतं. ही भीतीही अनाठायी आहे आणि हा भरवसाही. म्हणून मुद्द्याची गोष्ट आधीच सांगायला हवी: प्रकाशोपचार नीट वापरला तर सौम्य आहे, काही मुलांची वेदना त्यानं काही काळ कमी होऊ शकते, पण निदानाची जागा तो घेत नाही, आणि तो पहिला उपायही नाही.

सांधा आणि त्याचे आवाज

दोन्ही कानांच्या किंचित पुढे खालच्या जबड्याचं गोलसर टोक कवटीच्या हाडातल्या खोबणीत बसलेलं असतं. मध्ये एक चिवट चकती असते. तोंड थोडं उघडताना हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. मोठा 'आ' करताना मात्र ते टोक चकतीसह पुढे सरकतं. चकती आपल्या जागेवरून थोडी ढळली की सरकताना आवाज येतो. एकाच हाडाच्या दोन टोकांना दोन सांधे असल्यामुळे एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला भोवतं. शिवाय गालावरचा आणि कानशिलावरचा स्नायू, आतल्या बाजूचे आणखी दोन, हे सगळे मिळून जबडा हलवतात. किशोरवयीन मुलांमध्ये दुखणारी गोष्ट बरेचदा सांधा नसतोच, हे थकलेले स्नायू असतात.

नुसता आवाज येतो, दुखत मात्र नाही, तोंड पूर्ण उघडतं, खाण्यात अडचण नाही, असं असेल तर कसलाही उपचार नको. लेझरही नको. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, असा आवाज बराच आढळतो आणि पुष्कळदा तो तसाच राहतो किंवा आपोआप जातो. दर सहा महिन्यांनी दात तपासताना जबड्याकडेही बघायला सांगावं, एवढंच पुरे. आवाज घालवण्यासाठी पैसे आणि मुलाची शाळा खर्ची घालणं मला पटत नाही.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. मुलाला स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र धरून, उभी करून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं सहज गेली तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच गेली, किंवा तिसऱ्याला दुखलं, तर नोंद करून ठेवा. मग आरशासमोर उभं करून हळूहळू तोंड उघडायला सांगा. हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला वळते, ते पाहा. ही दोन निरीक्षणं तारखेसकट लिहून नेलीत तर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं.

प्रकाशानं न जाणारी दुखणी

लेझरबद्दल बोलण्याआधी या भागात थोडं थांबायला हवं. यातलं एखादं दुखणं अंगावर असताना कुणी नुसत्या सिटिंग देत राहिलं, तर त्या मुलाचा वेळ जातो, आणि वाढत्या जबड्याला गेलेला वेळ परवडत नाही. खालच्या जबड्याची वाढ ज्या जागांतून होते, त्यातली एक महत्त्वाची जागा याच सांध्याच्या टोकावरची कूर्चा आहे.

पहिलं म्हणजे पडणं. मूल सायकलवरून, जिन्यावरून, पाळण्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, टाके घातले जातात, आणि सगळ्यांचं लक्ष त्या जखमेकडे राहतं. पण हनुवटीवरचा मार थेट वर, कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि तिथलं हाड मोडू शकतं. टाके भरून आल्यावरही मूल तोंड पूर्ण उघडत नसेल, हनुवटी एका बाजूला जात असेल, दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्याला दाखवलंच पाहिजे. असं मोडलेलं हाड दुर्लक्षित राहिलं तर लहान मुलांमध्ये सांधा हळूहळू हाडानं सांधला जाऊन जखडतो. कानाचा जुना, खोल गेलेला संसर्गही कधीकधी हेच करतो. मग तोंड बोटभरही उघडत नाही, हनुवटी वाढत नाही, मूल झोपेत घोरू लागतं. जखडलेला सांधा शस्त्रक्रियेनं मोकळा करावा लागतो. कुठल्याही रंगाचा प्रकाश तो उघडू शकत नाही, आणि हाडवैद्याकडून ओढून-ताणून घेतलेलं मालीश तर मुळीच नाही.

दुसरं, मुलांचा संधिवात. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा, सहा आठवड्यांहून जास्त टिकणारा हा आजार जबड्याच्या सांध्यात शिरला तर पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी जबडा आखडलेला वाटतो, नाश्त्याला वेळ लागतो, काही महिन्यांनी चेहऱ्याची एक बाजू लहान दिसू लागते. गुडघा, घोटा, मनगट सुजल्याचा इतिहास असेल तर तो जबड्याशी जोडून सांगा. अशा मुलाला बालसंधिवाताच्या तज्ज्ञाकडे न्यायचं असतं; सांध्यातली सूज दिसण्यासाठी शिरेतून औषध देऊन एमआरआय करावा लागतो. डोळ्यांची तपासणीही लागते, कारण याच आजारात डोळ्याच्या आत काहीही न दुखता सूज येऊ शकते.

तिसरी गोष्ट आपल्या भागात बोलावीच लागते. शाळेबाहेरच्या टपरीवर मिळणारी गोड सुपारी, सुगंधी सुपारी, मोठ्या मुलांच्या हातातला गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुठून येतात हे शाळेतल्या मुलांना विचारलं तर ती सांगतील. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, कडक होत जाते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड कमी उघडू लागतं. हे सांध्याचं दुखणं नव्हे. सांधा धड असतो, गालच आवळलेला असतो. शिवाय ही कर्करोगाकडे झुकू शकणारी अवस्था आहे. अशा तोंडावर निदान न करता प्रकाश देणं हा निव्वळ निष्काळजीपणा ठरेल. मुलाला एकट्याला, रागावल्याशिवाय विचारा. डॉक्टरांनाही त्याच्याशी दोन मिनिटं एकट्यानं बोलू द्या.

याशिवाय येणारी अक्कलदाढ, किडलेल्या दाढेचा पू, गालगुंड, कानाचा संसर्ग यांनीही जबडा धरतो. ताप आणि सूज असेल, जबडा एकाएकी बंद पडला असेल, गिळता येत नसेल, अंग ताठ होत असेल, तर लेझरचा विचारही करू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखमेनंतर दातखीळ बसली असेल तर धनुर्वाताची शक्यता असते.

रात्री दात करकर वाजवणाऱ्या मुलांबद्दल आपल्याकडे एकच निदान चालतं: पोटात जंत झालेत. जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावं, त्यात दुमत नाही. पण दात खाण्याचं खापर जंतांवर फोडून थांबू नका. दुधाचे दात असतानाची ही सवय बहुतेक मुलांत वाढत्या वयात सुटते. मूल घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर नाक-घसा तपासून घ्या. नाकामागची वाढलेली ग्रंथी हे त्याचं कारण असू शकतं. सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिलं दुखत असतील तर ते दात खाण्यामुळे थकलेले स्नायू समजावेत.

हा कोणता प्रकाश?

औषध म्हणून प्रकाश वापरणं नवीन नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाशानं उपचार केल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो प्रकाश मात्र जंतूंवर आणि त्वचेवर तीव्र परिणाम करणारा होता. आज जबड्यावर जो वापरतात त्याची सुरुवात १९६० च्या दशकात बुडापेस्टमध्ये झाली. तिथले एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांवर लाल लेझरचा प्रयोग करत होते. गाठ नष्ट होते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांचं यंत्र क्षीण होतं, गाठीवर काही झालं नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. क्षीण प्रकाशानं पेशी मरत नाहीत, उलट त्यांना चालना मिळते, असा विचार तिथून पुढे गेला. आता त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. दवाखान्यात 'लो लेव्हल लेझर', 'कोल्ड लेझर' किंवा नुसतं 'लेझर' हेच शब्द ऐकू येतील.

यात लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश असतो. तरंगलांबी साधारण सहाशे ते अकराशे नॅनोमीटर. सांध्यापर्यंत, स्नायूंपर्यंत पोचायचं असेल तर बहुधा आठशेच्या आसपासचा किंवा त्याहून पुढचा, म्हणजे न दिसणारा प्रकाश वापरतात, कारण तो त्वचेतून जास्त खोल जातो. पेशींतल्या मायटोकाँड्रियामधलं एक विकर हा प्रकाश शोषतं, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती आणि रक्तपुरवठा बदलतो, सुजेचे रासायनिक संदेश कमी होतात, वेदना वाहून नेणाऱ्या नसा काही वेळ मंदावतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांवरून दिसतं. यंत्रणा अशी समजावून सांगितली की उपचार सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण बशीतल्या पेशीवर झालेला परिणाम दहा वर्षांच्या मुलाच्या गालातून आत जाऊन तितकाच होईल, हे वेगळं तपासावं लागतं.

मात्रेचा मुद्दा इथेच येतो. कमी प्रकाशानं काही होत नाही, आणि जास्त दिल्यानं जास्त गुण येत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम उलटा, म्हणजे मंदावणारा होतो. म्हणून 'मशिनचं बटण मोठ्यावर ठेवलंय' ही खुशखबर नव्हे. मुलाचा गाल पातळ, सांधा त्वचेच्या जवळ, त्यामुळे मोठ्यांची मात्रा तशीच्या तशी मुलांना लावणं चूक. सावळ्या किंवा काळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असतं, ते प्रकाश वरच्या वर शोषतं. आत कमी पोचतो आणि त्वचा जास्त गरम होऊ शकते. परदेशी पुस्तिकेतला आकडा बघून यंत्र लावणाऱ्याला हे माहीत आहे का, ते विचारा.

आणखी एक घोळ दूर करायला हवा. फिजिओथेरपी केंद्रातला लाल दिवा म्हणजे शेक. तो उष्णतेनं काम करतो. नवजात बाळाला काविळीत ठेवतात तो निळा प्रकाश वेगळा. हिरडी कापायचा लेझर वेगळा. बाजारातले चेहऱ्याचे लाल मुखवटे आणखी वेगळे. आपल्या मुलाला नेमकं काय दिलं जाणार आहे, हे नाव विचारून लिहून घ्या. पुष्कळदा बिलावर 'लेझर' असतं आणि प्रत्यक्षात मशिनचा शेक दिलेला असतो.

पुरावा किती?

प्रकाशोपचाराचा सगळ्यात भक्कम पुरावा जबड्याच्या बाबतीत नाही, कर्करोगाच्या रुग्णांच्या तोंडात होणाऱ्या जखमांच्या बाबतीत आहे. किमोथेरपी आणि रेडिएशनमुळे तोंड सोलून निघतं, ते टाळण्यासाठी किंवा बरं करण्यासाठी लो लेव्हल लेझर वापरायला ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१८ मध्ये मान्यता देणारं मार्गदर्शन काढलं. कर्करोग झालेल्या मुलांनाही तो देतात. म्हणजे पद्धत भोंदूगिरीची नाही, हे नक्की.

जबड्याच्या दुखण्यात चित्र धूसर आहे. मोठ्या माणसांवरच्या अनेक छोट्या चाचण्यांत वेदना कमी झाल्याचं दिसतं, काहींत खोट्या लेझरइतकंच दिसतं. खोटा लेझर म्हणजे यंत्र लावायचं, आवाज करायचा, पण प्रकाश सोडायचा नाही. त्यानंही बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं, कारण हे दुखणं मुळातच चढ-उताराचं आहे, आणि कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिलं यानंही स्नायू सैल होतात. प्रत्येक अभ्यासातली तरंगलांबी वेगळी, मात्रा वेगळी, फेऱ्या वेगळ्या, त्यामुळे ते एकमेकांना जोडता येत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं जबड्याच्या दीर्घकालीन दुखण्यासाठी शिफारशी केल्या. त्यांनी जोर दिला तो समजावणं, घरचे व्यायाम, देखरेखीखाली केलेला जबड्याचा आणि बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचा व्यायाम, हातानं स्नायू मोकळे करणं आणि मनाचा ताण हाताळायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत यांवर. लो लेव्हल लेझर त्यांनी 'शक्यतो नको' या गटात ठेवला. धोकादायक म्हणून नव्हे, तर फायद्याची खात्री कमी म्हणून. या शिफारशी मुख्यतः मोठ्यांच्या अभ्यासांवर उभ्या आहेत. मुलांवरचे अभ्यास फार थोडे आणि छोटे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी दात खाणाऱ्या मुलांवर केलेल्या चाचण्या त्यातल्या. कुठला आकडा मुलांसाठी योग्य, हे छातीठोकपणे सांगावं इतकं काम झालेलं नाही.

वाढीचा प्रश्नही मोकळाच आहे. सशांवर आणि उंदरांवरच्या प्रयोगांत या प्रकाशानं जबड्याच्या सांध्याजवळची हाडाची वाढ बदलल्याचं काही संशोधकांनी पाहिलं. म्हणूनच तर दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना त्यात रस आहे. मुलांमध्ये त्यानं अपाय झाल्याचा पुरावा नाही. पण वाढीच्या जागेवर महिनोन्महिने, गरज नसताना प्रकाश देत राहणं टाळावं, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

आधी घरी करायच्या गोष्टी

गंभीर कारण नाही असं तपासून कळलं, की दोन-चार आठवडे पुढचं मनापासून करा. बहुतेक मुलांना यानंच आराम पडतो, आणि लेझर घ्यायची वेळ आलीच तरी हे सोडायचं नसतं.

जबड्याला विश्रांती म्हणजे मूग गिळून बसणं नव्हे. ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं, ही जबड्याची आरामाची स्थिती. मुलाला 'न' म्हणायला सांगा आणि जीभ तिथेच ठेवायला सांगा. ते लगेच कळतं. दिवसभरात दात फक्त खाताना टेकले पाहिजेत. गणिताचा पेपर सोडवताना, मोबाइलवर खेळताना मूल दात आवळून बसतं, ते त्याच्या लक्षात येत नाही. अभ्यासाच्या टेबलावर, आरशावर एक रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की दात सोडायचे, एवढा करार मुलाशी करा. सतत 'दात सोड' म्हणून ओरडण्यापेक्षा हा ठिपका जास्त काम करतो.

खाण्यात मऊ भात-वरण, खिचडी, उपमा, इडली, दुधात भिजवलेली पोळी, केळं, शिजवलेल्या भाज्या. चिक्की, फुटाणे, ऊस, कच्चा पेरू, च्युइंगगम, कडक भाकरीचे पापुद्रे काही दिवस बाजूला. सफरचंद फोडी करून. पण महिनोन्महिने पातळच खायला देऊ नका. स्नायू दुबळे पडतात. दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे या. पेन्सिल, नखं, शर्टाची कॉलर चावणं, हनुवटी तळहातावर टेकवून तासन्‌तास बसणं, पालथं पडून मोबाइल पाहणं, या सवयी एकेक करून सोडवा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. आधी आपल्या मनगटावर लावून पाहा. दुखणं तीव्र असेल तर पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे, बालरोगतज्ज्ञांना विचारून. जीभ टाळूला टेकवून, ती सुटणार नाही इतपतच तोंड हळू उघडायचं आणि मिटायचं, पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या. दुखलं तर थांबायचं.

झोप आणि ताण हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, सहा ते बाराच्या मुलांना नऊ ते बारा. दहावीच्या वर्षात शाळा, क्लास, टेस्ट सिरीज करून पाच-सहा तास झोपणाऱ्या मुलीचा जबडा दुखतो तेव्हा तो सांधा तिच्या वेळापत्रकाबद्दल बोलत असतो. शाळेत कुणी छळतंय का, घरात भांडणं आहेत का, निकालाची धास्ती आहे का, हे प्रश्न डॉक्टरांनी विचारले तर राग मानू नका. वेदना 'मनाची' आहे असा त्याचा अर्थ होत नाही. वेदना खरीच असते, फक्त तिला खतपाणी दुसरीकडून मिळत असतं.

या काळात कुणी दात घासून चावा 'बसवून' देतो म्हणालं तर नाही म्हणा. घासलेला दात परत येत नाही. दुधाचे दात पडत आणि पक्के येत असताना रात्री घालायची कडक प्लेटही मुलांच्या दंततज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नको.

लेझर घ्यायचा ठरलं तर

निदान झालंय, गंभीर कारण नाही, वरचं सगळं करूनही स्नायूंचं किंवा सांध्याचं दुखणं खाण्या-झोपण्यात आडवं येतंय, तेव्हा जोडउपचार म्हणून लेझरचा विचार रास्त आहे. गोळ्या सहन न होणाऱ्या मुलांसाठीही तो सोयीचा. मूल खुर्चीत किंवा आईच्या मांडीवर बसतं, पेनसारखं उपकरण कानापुढे आणि गालाच्या दुखऱ्या जागांवर टेकवलं जातं, प्रत्येक जागी काही सेकंदांपासून मिनिटभर. काही जाणवत नाही, किंवा किंचित कोमट लागतं. अभ्यासांमध्ये साधारण आठवड्याला दोन-तीन फेऱ्या, काही आठवडे असा क्रम दिसतो.

डोळ्यांबाबत तडजोड नको. सांधा डोळ्यापासून चार बोटांवर आहे आणि प्रकाश दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. मूल, त्याच्यासोबत बसलेली आई किंवा बाबा, यंत्र धरणारी व्यक्ती, तिघांच्याही डोळ्यांवर त्याच तरंगलांबीसाठी बनवलेले चष्मे हवेत. साधा गॉगल किंवा मिटलेले डोळे पुरत नाहीत. यंत्रावर ३बी किंवा ४ असा लेझरच्या धोक्याचा वर्ग लिहिलेला असतो. ४ वर्गाचं यंत्र चुकीच्या हातात भाजू शकतं, ते लहान मुलावर वापरायला विशेष प्रशिक्षण हवं. चष्मे नसतील तर उठून घरी या. चळवळ्या मुलाला दोघांनी दाबून धरून फेरी देत असतील तरीही.

पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी: मुलाला कधी गाठ किंवा कर्करोग झाला होता का, फिट येतात का, उन्हानं अंगावर पुरळ उठतं का, कुठली औषधं चालू आहेत. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन घेणारी मुलं ते सांगायला विसरतात, कारण त्यांना ते औषधच वाटत नाही; ही दोन्ही त्वचेला प्रकाशाबद्दल हळवी करतात. गळ्यातल्या थायरॉइडवर प्रकाश जाऊ नये.

डॉक्टरांना विचारा: निदान काय लिहिलंत? यंत्राची तरंगलांबी आणि शक्ती किती? प्रत्येक जागी किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा, देणार? मुलांवर किती वेळा वापरलंय? आणि गुण आला नाही तर कधी थांबणार? याची उत्तरं केसपेपरवर लिहून देणारा डॉक्टर विश्वासाचा. 'बारा सिटिंगचं पॅकेज आहे, आगाऊ भरलं तर सवलत' हे उत्तर असेल तर मागे फिरा. पैसे फेरीगणिक द्या.

घरी एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहा: मुलानं शून्य ते दहामध्ये दुखण्याला दिलेला आकडा, तोंडात गेलेली बोटं, आणि आज काय खाल्लं. लहान मुलाला आकड्याऐवजी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवा. चार ते सहा फेऱ्यांत वहीत काहीच हललं नसेल तर थांबा आणि निदान पुन्हा तपासायला सांगा. दुखणं वाढलं, चक्कर आली, त्वचा लाल राहिली तर त्याआधीच थांबा. आकडा उतरत असेल तर ठरलेल्या फेऱ्या पूर्ण करा, व्यायाम चालू ठेवा. जुनं दुखणं परतलं म्हणून लगेच पुढचं सत्र सुरू करू नका, आधी झोप, दात आवळणं आणि परीक्षेचं वेळापत्रक बघा.

ऑनलाइन मिळणारी हातातली लेझर पेनं आणि लाल दिव्याचे पट्टे मुलाच्या चेहऱ्यासाठी विकत घेऊ नका. त्यांची खरी शक्ती खोक्यावर लिहिल्याप्रमाणे असेलच असं नाही, सोबतचे चष्मे नावापुरते असतात, आणि भावंडं ती खेळायला घेतात.

कुठे दाखवायचं, हा प्रश्न खेड्यातल्या पालकांना जास्त छळतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे मुलांच्या दातांचा आणि तोंडाच्या आजारांचा असे वेगवेगळे विभाग आहेत. खाजगी सिटिंगच्या मानानं तपासणीचा खर्च कमी येतो. एका खेपेत काम होईल अशा तयारीनं जा: वही, पडल्याच्या तारखा, आधीचे एक्स-रे, चालू औषधांची पानं, आणि रात्री मूल दात वाजवत असेल तर त्याच्या आवाजाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. मूल बरं झाल्यावरही वाढ पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तोंड किती उघडतं याचं माप आणि समोरून काढलेला चेहऱ्याचा एक फोटो याच वहीत ठेवा. चेहरा एका बाजूला कलू लागला तर तो रोज पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांआधी त्या फोटोंत दिसतो, आणि तसं दिसलं तर न दुखणाऱ्या जबड्यासाठीही तपासणीला जायचं असतं.